सात पानांवरचा घड

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास कॅनडाहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार. तो ओंटारिओत नोकरीला आहे आणि शेतीचा विषय त्यानं आजवर आपणहून कधी काढलेला नाही. त्या दिवशी मात्र "मामा, तू द्राक्षाची पानं काढतोस ना, तुला एक दाखवायचंय" म्हणत त्यानं फोन एका काळ्या तंबूत घातला. तंबू म्हणजे आपल्या गोदरेजच्या कपाटाएवढा. आत चांदीसारखं चकचकीत अस्तर, वर दिवा, कोपऱ्यात छोटा पंखा आणि खाली चार कुंड्या. कुंड्यांत झाडं होती म्हणायची, पण दिसत होत्या काटक्या. शेंड्याला हिरवट फुलोरा आणि त्याखाली नुसते उघडे दांडे.

"कसली रे झाडं?"

"भांगेची. आईला सांगू नकोस."

फुलोरा सुरू झाला की मोठी पानं सगळी उतरवायची, मग फुलाला उजेड मिळतो आणि वजन वाढतं, असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. एका संध्याकाळी बसून त्यानं चारही झाडं सोलली. त्याला बारा दिवस झाले होते आणि झाडं जागची हलत नव्हती.

आधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे कायदेशीर आहे आणि ओंटारिओत एका घराला चार झाडं लावता येतात, तेव्हा पोरगा काही गुन्हा करत नव्हता. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली तेच झाड लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. उसात नाही तर तुरीत लपवून लावलेलं पकडल्याची बातमी दर वर्षी पेपरात येते. त्यामुळे मी इथं लिहितोय ते माझ्या द्राक्षाबद्दल. भाच्याच्या झाडाचं जेवढं द्राक्षाशी जुळतं तेवढंच बोलेन.

पण ते उघडे दांडे बघून माझ्या पोटात कालवलं, कारण हेच मी केलेलं आहे. चार कुंड्यांवर नाही, सव्वा एकरावर.

आमची बाग निफाड तालुक्यात. थॉम्पसन, वाय पद्धतीचा मांडव, ओळी दक्षिणोत्तर. त्या वर्षी गोडी छाटणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घेतली. माल चांगला धरला होता, खरं तर जरा हावरटपणानंच जास्त धरला होता. थिनिंग झालं, डिपिंग झाल्या, मणी फुगले. जानेवारी संपता संपता मण्यात पाणी उतरायला लागलं आणि त्याच सुमारास आतल्या गर्दीत भुरी दिसली. पांढरी पिठी, मांडवाच्या पोटात, जिथं फवाऱ्याचा थेंब पोचत नाही तिथं. काढणी महिन्यावर आलेली. आता औषध मारलं तर अंश राहणार, माल युरोपला जायचा तर तपासणीत सापडणार. काय करावं ते सुचेना.

त्याच आठवड्यात दिंडोरीकडे एका पाहुण्याच्या वाइनच्या द्राक्षाची बाग बघायला गेलो. तिथं घडांच्या पट्ट्यात एक पान नव्हतं. हारीनं काळे घड लटकलेले, वारा आरपार, भुरीचा मागमूस नाही. मोटरसायकलवरून घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. औषध नको, पानं काढायची.

त्यांनी ती पानं कधी काढली, हे मी विचारलं नाही. पुढचं सगळं त्या एका न विचारलेल्या प्रश्नातून निघालं.

दुसऱ्या दिवशी पेठकडची टोळी बोलावली. बारा बाया. पान काढण्याचं काम दिसायला फार सोपं असतं. देठाला अंगठा लावून खाली दाबलं की टच्च आवाज होऊन पान हातात येतं. बारा जणींचा तो टच्च टच्च आवाज दिवसभर बागेत चालू होता आणि मी खूश होऊन बांधावर उभा. दुपारपर्यंत ओळींमध्ये घोट्यापर्यंत पानं साचली. एकीनं विचारलं, बकऱ्यांना नेऊ का? औषध मारलेलं आहे, नको म्हटलं. टोळीतल्या सगळ्यात वयस्क मावशी मात्र पान खुडता खुडता थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या पल्याडच्या बागेत कागद बांधत्यात आन् तुम्ही आहे ते पांघरूण काढताय."

खरं होतं ते. शेजारच्यानं पंधरा दिवसांपूर्वीच घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले होते. रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन यांत फरक फार पडला की हिरवा मणी गुलाबी पडतो, तो पडू नये म्हणून आमच्याकडे हे करतात. मी हसून म्हणालो, "मावशी, त्याची गोष्ट वेगळी." काय वेगळी होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

दोन दिवसांत सव्वा एकर झाला. तिसऱ्या दिवशी टोळीची पिकअप वाटेत बंद पडली, बाया आल्याच नाहीत आणि पश्चिमेच्या अंगाच्या अकरा ओळी तशाच राहिल्या. त्या दिवशी मी ड्रायव्हरला फोनवर नको नको ते बोललो. पुढं त्याच अकरा ओळींनी मला शिकवलं.

चौथ्या दिवशी दुपारी बागेत गेलो तर घडांची पश्चिमेची बाजू निस्तेज दिसली. मण्यावरची लव पुसल्यासारखी, साल तांबूस. बोटानं दाबलं तर मणी उकडलेल्या वाटाण्यासारखा मऊ. आठवड्यात ते मणी तपकिरी होऊन सुकले. घडाची एक बाजू हिरवी, दुसरीला मनुके. हवेचं तापमान काही फार नव्हतं, एकतीस-बत्तीस. पण उन्हात उघड्या मण्याच्या सालीचं तापमान हवेपेक्षा दहा-बारा अंशांनीही चढतं, हे नंतर कळलं. जो मणी पहिल्यापासून उन्हात वाढतो, त्याची साल त्या उन्हाची तयारी करून ठेवते. जो आजवर सावलीतच वाढला, त्याला फेब्रुवारीतल्या दुपारी दोन वाजता एकदम उघडं केलं तर तो भाजतो. लेकराला पाळण्यातून उचलून थेट उसाच्या फडात उभं करण्यासारखं मी केलं होतं.

डाग पडलेले मणी कात्रीनं काढून टाकू, असं मनाचं समाधान केलं. खरा मार पुढं होता. साखर चढेना.

दर दोन दिवसांनी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बसायचो. मण्याचा रस काचेवर, डोळ्याला लावायचं, उजेडाकडे बघायचं. साडेचौदा. दोन दिवसांनी साडेचौदा. चार दिवसांनी पंधराला टेकली आणि तिथंच बसली. न सोललेल्या अकरा ओळींत त्याच दिवशी साडेसतरा. व्यापाऱ्याला अठरा हवी होती. तो दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं मान हलवली आणि अकरा ओळींचा माल तेवढा बहात्तर रुपयांनी उचलला. बाकीचा सव्वा एकर मी मार्चमध्ये लोकल मार्केटला सव्वीस रुपयांनी घातला. घरी हिशोब मांडताना बायको एवढंच म्हणाली, "पानं काढायची मजुरी धरलीत का यात?" धरली नव्हती.

मग एका दुपारी त्या सोललेल्या वेलीखाली बसून पहिल्यांदाच पानं मोजली. काडीला घड एक, पानं सात. कुठं आठ. न सोललेल्या ओळीत सोळा, सतरा.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात नंतर एका प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथं हे गणित फळ्यावर मांडून मिळालं. एक ग्रॅम द्राक्ष नीट पिकवायला साधारण आठ ते बारा चौरस सेंटिमीटर पान लागतं. तीनशे ग्रॅमचा घड धरा. म्हणजे चोवीसशे ते छत्तीसशे चौरस सेंटिमीटर. थॉम्पसनचं पूर्ण वाढलेलं पान पावणेदोनशेच्या आसपास धरलं तर चौदा ते वीस पानं झाली. माझे घड तीनशेच्या वरचेच होते आणि त्यांना मी सात पानांवर जगायला ठेवलं होतं. दिंडोरीतल्या त्या वाइनच्या घडाचं वजन जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम. त्याला खालची चार पानं नसली तरी वरची पुरून उरतात. शिवाय त्यांनी ती मणी बाजरीएवढे असताना काढली होती, हे पाहुण्यानं पुढं लग्नात भेटल्यावर सहज सांगितलं.

आमच्याकडे एक समजूत पक्की बसलेली आहे आणि भाच्याचं बोलणं ऐकून वाटलं की ती तिकडेही आहे. पान खातं, पान काढलं की तेवढं फळाला मिळतं. हे अर्धंही खरं नाही. कोवळं पान, पूर्ण आकाराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाढेतोवर दुसऱ्यांकडून साखर घेतं. त्यानंतर ते देणाऱ्यांत जातं आणि एकदा गेलं की परत घेणाऱ्यांत येत नाही. सावलीत अडकलेलं जुनं पान फळाचं काही चोरत नाही. त्याचं स्वतःचं भागेनासं झालं की झाड त्याच्यातला नत्र काढून घेतं, ते पिवळं पडतं आणि गळतं. आपण घाई करून हिरवंच खुडलं, तर तो नत्रही पानाबरोबर ओळीत पडतो.

उजेडाची गोष्ट मात्र खरी आहे, ती नाकारत नाही. द्राक्षाच्या एका पानातून खाली उतरतो तो उजेड शंभरात पाच-सहा भाग. दुसऱ्या पानाखाली जवळजवळ अंधार. म्हणजे चार पानं एकावर एक असतील तर कामाचं एकच आणि तीन नुसती गर्दी. त्या गर्दीत भुरीला घर मिळतं. मला दिसलेला रोग खोटा नव्हता, उपाय चुकला होता.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथं नेल्सन शॉलिस नावाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात हाच प्रश्न घेतला होता. दाट वेलींच्या आत सावली होते आणि त्या सावलीनं उत्पन्न मार खातं. त्यांनी पानं तोडली नाहीत. वेलीचा मांडव मधोमध फाडून दोन पडदे केले, म्हणजे तीच पानं दुप्पट जागेत पसरली. उत्पन्न वाढलं, पिकणंही सुधारलं. आमची वाय पद्धत त्याच विचारातली. मी त्या मांडवाखाली वर्षानुवर्षं उभा राहिलो, पण मांडवाचे दोन हात कशासाठी आहेत हे मला तोटा झाल्यावर कळलं.

दुसरा तोटा तर पुढच्या वर्षी आला आणि तो कुणी सांगितला नसता तर मी हवामानाच्या नावावर खपवला असता. काढणी झाली, एप्रिलची खरड छाटणी घेतली. सोललेल्या ओळी मागेपुढे फुटल्या. एका ओलांड्यावर चार डोळे फुटलेले, पाच झोपलेले. वेलीच्या खोडात आणि मुळांत जी साठवण असते ती पानंच भरतात, आणि उरल्यासुरल्या सात पानांनी ती घडालाच पुरवली नाही तर खोडाला कुठून देणार? ऑक्टोबरात छाटल्यावर कुठं गोळी घड, कुठं घड जिरून नुसती बाळी. अकरा ओळी मात्र नेहमीसारख्या. दोन दिवसांच्या टच्च टच्चची किंमत मी दोन हंगाम फेडली.

आता मी काय करतो ते सांगतो. तुमची जमीन वेगळी, वाण वेगळं, तेव्हा जसंच्या तसं उचलू नका.

पान काढायचंच तर मणी सेटिंग झाल्यावर, मणी ज्वारीएवढे होण्याच्या आत. घडाला चिकटलेली, घडावर घासणारी तळची दोन-तीन पानं, त्यापेक्षा जास्त नाही. तीही फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची. पूर्वेची बाजू उघडी पडली तर सकाळचं कोवळं ऊन दव लवकर वाळवतं, वारा खेळतो, फवारा पोचतो. पश्चिमेच्या पानाला हात लावायचा नाही, ते दुपारची छत्री आहे. मण्यात पाणी उतरलं की पान काढणं बंद. त्या वेळी भुरी दिसली तर आपण आधी कुठं तरी चुकलेलो असतो आणि ती चूक पान खुडून भरून निघत नाही.

खुडण्याच्या आधी मोजायचं. एका ओळीतल्या दहा काड्या निवडायच्या, पानं मोजायची, घड किती ते बघायचं. पानं कमी असतील तर पान काढण्याऐवजी घड काढायचा. हे सांगायला सोपं आहे. धरलेला घड स्वतःच्या हातानं कापताना माझा हात अजूनही अडतो.

आणि गर्दी होऊ द्यायची नाही ती सुरुवातीपासून. फेलफुटी वेळेत काढायच्या, बगलफुटी वाढू द्यायच्या नाहीत, काड्या तारेवर नीट पसरून बांधायच्या. ज्या फुटीला पुढं पंधरा पानं येणार ती नको असेल तर तीन पानांवर असतानाच जाऊ द्यावी. त्या वेळी ती घेणाऱ्यांतली असते, झाडाचं नुकसान जवळपास शून्य.

एप्रिल छाटणीच्या हंगामात मात्र हिशोब थोडा उलटा आहे, म्हणून "पान काढू नये" असा सरसकट नियम माझ्याकडून कुणी घेऊन जाऊ नये. छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाची घडण होते आणि त्या डोळ्याला उजेड लागतो. तिथं फुटींची दाटी ठेवली तर ऑक्टोबरात घडच कमी निघतात. त्या दिवसांत मी विरळणी हात सैल सोडून करतो.

भाच्याला फोनवर यातलं थोडंच सांगितलं. त्याच्या झाडात आणि माझ्या वेलीत एक मोठा फरक आहे. माझा सूर्य दिवसभर फिरतो, सकाळी या बाजूला तर दुपारी त्या बाजूला. त्याचा दिवा डोक्यावर खिळलेला. त्याच्या खालच्या पानावर आज सावली असेल तर काढणीपर्यंत सावलीच. त्यामुळे तळाच्या, कधीच उजेड न बघणाऱ्या बारीक फांद्या सुरुवातीला काढल्या तर त्याला फायदा होऊ शकतो. त्या काळ्या तंबूत वारा कोंडला तर फुलोऱ्यात राखी बुरशी शिरते. ती बुरशी द्राक्षाच्या दाट घडातही तीच, एकाच जातीची. म्हणून थोडी मोकळीक हवीच. पण वरची मोठी पानं उतरवणं म्हणजे त्यानं माझा सव्वा एकर चार कुंड्यांत करून दाखवला होता.

"मग आता काय करू?"

"काहीच करू नकोस. कात्री कपाटात ठेव. फांद्यांना दोरी बांधून अलगद चौफेर वाकव, म्हणजे आहेत ती पानं एकमेकांच्या सावलीतून बाहेर येतील. जास्त खत घालू नकोस, खाणारं तोंड आत्ता लहान आहे."

"पण मामा, फुलं उघडी राहिली म्हणजे उजेड तर मिळतोय ना त्यांना?"

"मिळतोय की. माझ्या घडांनाही मिळत होता."

तो गप्प बसला. मग म्हणाला, वजन निम्मं तरी येईल का? ते मला सांगता येईना. माझ्या बागेत अकरा ओळी होत्या म्हणून मला फरक तरी कळला, त्यानं चारही झाडं एका बैठकीत सोलली. पुढच्या वेळी दोनच काढ, दोन तशीच ठेव, म्हटलं. दहा एकरवाले बागायतदारही हे करत नाहीत. नवीन काही करायचं तर सगळ्या बागेवर एकदम करतात आणि नंतर फायदा कशानं झाला नि तोटा कशानं, यावर पारावर भांडत बसतात. मी आता काहीही नवीन असलं की दोन ओळी सोडतो. त्या ओळींना घरात "पिकअप" म्हणतात.

आठ-दहा दिवसांनी त्याचा परत फोन आला. फांद्या दोरीनं ताणून बांधल्या होत्या, टोकांना नवी पानं आली होती, अजून पोपटी. मधेच त्यानं कॅमेरा खाली नेला. एका कुंडीत, सोलताना चुकून राहिलेलं एक मोठं पान होतं, कडेनं पिवळं पडलेलं.

"मामा, हे काढू का?"

"वर ढकलून बघ जरा. ओढायचं नाही, नुसतं बोट लाव. सुटतंय का?"

त्यानं बोट लावलं. पान हललं आणि जागेवर आलं.

"नाही सुटत."

"मग राहू दे त्याला."